नोर नदीकाठचे फेलनशास्त्री

वासंतीबाई कराडहून किलकेनीला आल्या त्या दोन महिन्यांच्या बोलीवर. २०२० चा फेब्रुवारी होता. नवरा जाऊन आठ महिने झाले होते आणि घर खायला उठत होतं. मुलगा अभिजित किलकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, सून रेवती कॉम्प्युटरवाली, नात सानिका नऊ वर्षांची. "आई, हवापालट होईल, एप्रिलात परत जा," असं अभिजित म्हणाला होता. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, विमानं बंद झाली, आणि वासंतीबाई आयर्लंडमध्ये अडकल्या.

घराबाहेर दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, सत्तरीच्या वरच्यांनी तर उंबराच ओलांडायचा नाही, असा हुकूम. वासंतीबाई नुकत्याच सत्तरीला टेकलेल्या. मग उरलं ते मागचं अंगण. तिथं वाळत घालायची दोरी, सानिकाची सायकल आणि शेजारच्या घराला लागून असलेलं उंच हिरवं कुंपण.

अभिजित कोविडच्या वॉर्डात होता. घरी आला की गॅरेजमध्येच कपडे बदलायचा आणि वरच्या लहान खोलीत एकटा जेवायचा. त्याची गाडी येईपर्यंत वासंतीबाईंचा जीव थाऱ्यावर नसे. संध्याकाळी त्या अंगणात फेऱ्या मारत लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र म्हणायच्या. असंच एकदा म्हणत असताना कुंपणापलीकडून एक म्हातारा पुरुषी आवाज आला. त्यांनी गाळलेली ओळ त्या आवाजानं सावकाश, स्पष्ट म्हटली. अनुस्वार जागच्या जागी, 'ष' आणि 'श' वेगवेगळे.

वासंतीबाई थबकल्या. मराठीतच ओरडल्या, "कोण आहे ओ तिकडं?"

"क्षमा असावी," आवाज म्हणाला. "आपण तो चरण रोज वगळता. आज मला राहवलं नाही."

मराठी! तीही अशी की वासंतीबाईंना त्यांच्या शाळेतले पागोटेवाले हेडमास्तर आठवले. त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि कुंपणावरून डोकावल्या. पलीकडे बाकावर उंच, हडकुळा, पांढऱ्या भुवयांचा गोरा म्हातारा बसला होता. अंगात कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर. तो त्यांच्याकडे न बघता जरा बाजूला बघत होता.

"डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, कडेचंच दिसतं," तो म्हणाला. "म्हणून असं तिरपं पाहतो. उद्धटपणा समजू नये. मी कॉर्मक फेलन."

सानिकाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ओह, युअर मॅन विथ द इंडियन बुक्स! ही'ज ग्रँड, आजी." 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा'. सगळ्या आळीला त्याचं घर भारतातल्या पुस्तकांनी भरलंय एवढंच माहीत होतं. कसली, कुठल्या भाषेतली, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून स्टुलाच्या जागी खुर्ची आली. अलीकडे वासंतीबाई, पलीकडे फेलन, मध्ये कुंपण. फेलनना आठवड्यातून दोनदा पुस्तक वाचून दाखवणारी बाई लॉकडाऊनमुळे यायची बंद झाली होती. आणि संस्कृत वाचून दाखवणारं तर किलकेनीत कधी कुणी नव्हतंच. मग फेलन कुंपणाच्या फटीतून पोथी सरकवायचे, वासंतीबाई ती सॅनिटायझरनं पुसायच्या, दोन दिवस उन्हात ठेवायच्या आणि वाचायच्या. त्या चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या, संस्कृत मॅट्रिकपुरतं. अडखळायच्या. फेलन डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "असू दे, असू दे. आवाज कृष्णाकाठचा आहे ना, मग चुकू दे."

"कृष्णाकाठ तुम्हाला काय माहीत?"

"मी वाईला दोन वर्षं होतो, बाई."

ती गोष्ट तिथून सुरू झाली आणि सबंध मे महिना पुरली.

कॉर्मक फेलन किलकेनीपासून थोड्या अंतरावरच्या एका शेतकऱ्याचा थोरला मुलगा. आईनं, ब्रिजिडनं, त्याच्या जन्माआधीच ठरवलं होतं की हा धर्मगुरू होणार. तो झालाही. चोविसाव्या वर्षी दीक्षा मिळाली, आणि त्याच्या पंथानं त्याला मुंबईला धाडलं. तिथल्या वडीलधाऱ्या पाद्र्यांना वाटलं, या हुशार पोराला संस्कृत शिकवावं, म्हणजे हा शास्त्री-पंडितांशी त्यांच्याच भाषेत वाद घालील. तसा तो एका पावसाळ्याच्या शेवटी वाईला पोचला. गुरुनाथशास्त्री नावाच्या विद्वानांनी त्याला शिकवायचं कबूल केलं.

"पहिलं वर्ष मी ओसरीवर, ते आत उंबऱ्याशी," फेलन सांगायचे. "माझं नाव ऐकून ते खूप हसले होते. म्हणाले, 'कॉर्मक? हे सकर्मक की अकर्मक?' गल्लीतली पोरं मला कर्मकशास्त्रीच म्हणायची. पहाटे घाटावर जायचो. धुणं आपटण्याचा आवाज पाण्यावरून कसा येतो, ठाऊक आहे ना? आधी हात खाली येताना दिसतो, आवाज मागून येतो."

"ठाऊक आहे की," वासंतीबाई म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांपुढे कराडचा संगम उभा राहायचा.

"आणि हळदीचा वास. सबंध बाजाराला. माझ्या पांढऱ्या झग्याला पिवळी कड आली होती ती कधी गेलीच नाही. मला घालवायचीही नव्हती."

दुसऱ्या वर्षी त्याला विषमज्वर झाला. खोलीत एकटाच पडला होता. तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांच्या पत्नी स्वतः पेजेची वाटी घेऊन आल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाजलं. नवऱ्याला विचारलं नव्हतं. शास्त्रीबुवा दाराशी उभे राहून बघत होते. बरा झाल्यावर कर्मकशास्त्री ओसरीवर बसायला गेला, तर शास्त्रीबुवा म्हणाले, "तिथं ऊन येतं. आत ये."

पुढचं मात्र फेलन सांगत नसत. वाईहून परत गेलो, जर्मनीत शिकलो, आयर्लंड आणि भारतातल्या और्ध्वदेहिक संस्कारांवर एक जाड पुस्तक लिहिलं, ते कुणी वाचलं नाही, पुढं तीस वर्षं इथल्या मुलांच्या शाळेत लॅटिन शिकवलं, एवढं भरभर सांगून मोकळे व्हायचे. धर्मगुरूपण कधी सुटलं, कशानं सुटलं, हे वासंतीबाईंनी विचारलं नाही. बोलायचं असेल तेव्हा माणूस बोलतो, अशी त्यांची धारणा.

जून उजाडला. ज्येष्ठ वद्य पंचमीला वासंतीबाईंच्या नवऱ्याचं, दिलीपरावांचं वर्षश्राद्ध होतं. वासंतीबाईंनी मनात धरलं होतं की तोवर घरी पोचू, संगमावर विधी होईल. ते शक्यच नव्हतं. मग ठरलं की कराडचे बाळूगुरुजी व्हिडिओवरून सांगतील आणि अभिजित इथं करील. तर श्राद्धाच्या दोन दिवस आधी गुरुजींचा फोन आला. त्यांच्या घरात पेशंट निघाला होता, सगळ्यांना क्वारंटाइन सेंटरला नेलं होतं. एका हॉलमध्ये साठ माणसं. तिथून मंत्र सांगणं जमणार नव्हतं. डब्लिनला एक गुरुजी होते, पण एवढ्या लांबून यायला परवानगी नव्हती.

रेवती म्हणाली, "आई, यूट्यूबवर लावून करू या का?"

वासंतीबाई उठल्या. मागच्या अंगणात गेल्या आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"फेलनसर, श्राद्धाचे मंत्र येतात ना तुम्हाला?"

"येतात. सहा वर्षं त्यांचाच अभ्यास केला."

"मग परवा माझ्या मालकांचं करा की."

मग फेलन म्हणाले, "नाही, बाई. ते माझ्याच्यानं होणार नाही."

"का? तुम्ही ख्रिस्ती म्हणून? मला चालतंय."

"मी पुरोहित होतो एकदा. ते काम मी सोडलं. दुसऱ्याच्या वतीनं देवापुढे पुन्हा उभं राहायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं."

आणि त्या दिवशी त्यांनी राहिलेली गोष्ट सांगितली. कॉर्मक सात वर्षांचा असताना आईला एक मूल झालं आणि जन्मतःच गेलं. बाप्तिस्मा व्हायला अवधीच मिळाला नाही. त्या काळी अशा मुलाला दफनभूमीत जागा नसे. त्याच्यासाठी घंटा नाही, प्रार्थना नाही. गावाबाहेर एखाद्या माळाच्या कडेला अशा मुलांची जागा असायची. पहाटे वडील चहाचं खोकं काखेत धरून निघाले. पोरगा मागोमाग फाटकापर्यंत गेला. वडील परत आले ते रिकाम्या हातांनी, आणि त्या दिवसानंतर घरात त्या मुलाचा शब्द कुणी काढला नाही. आई जेवताना एक ताट जास्त मांडायची आणि मग उचलून ठेवायची, एवढंच.

"मुलगा होता की मुलगी, तेही मला माहीत नाही," फेलन म्हणाले. "पुढे मी पाद्री झालो, तेव्हा मला शिकवलं की असे जीव देवाच्या दारात येत नाहीत, बाहेरच राहतात. मी ते पाठ केलं. मग वाईला शास्त्रीबुवांच्या वडिलांचं श्राद्ध पाहिलं. सगळ्यांना पाणी देऊन झालं आणि शेवटी त्यांनी आणखी एक ओंजळ सोडली. ही कुणाला, म्हणून विचारलं. ते म्हणाले, 'ज्यांचं कुणीच नाही, ज्यांना नाव नाही, गोत्र नाही, जे जन्माला येता येताच गेले, त्यांना.' मी म्हटलं, 'आमच्यातले असले तरी?' ते माझ्यावर रागावले. म्हणाले, 'पाणी देताना मी कुणाची जात विचारत बसू?'"

मग फेलननी पुढचं सांगितलं.

"त्यानंतर आठ वर्षं रेटलं. मग झगा उतरवला. आईनं मला घरात घेतलं नाही. म्हणाली, 'मी देवाला दिलेलं तू परत घेतलंस.' तिच्या अंत्यविधीला मी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो. कशामुळे सोडलं, हे तिला सांगायचं राहून गेलं. आता सांगा, मी कुठल्या तोंडानं कुणाचा पुरोहित होऊ?"

वासंतीबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग त्यांच्या कराडच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "देवापुढं उभं राहू नका. माझ्या पोरापाशी उभे राहा. चार महिने झाले, त्यानं बापासाठी रडायचं राहू दे, धड बसून जेवलेला नाही. त्याला कुणीतरी पुढचा शब्द सांगायला पाहिजे, एवढंच."

फेलन तयार झाले. संध्याकाळी बाळूगुरुजींची संमती घ्यायला फोन लावला. क्वारंटाइन सेंटरच्या गोंगाटात ते ओरडून म्हणाले, "म्हणू द्या त्यांना काहीतरी!" फेलननी कुंपणाशी येऊन संकल्प म्हटला. फोनमधला गोंगाट हळूहळू कमी झाला. बहुधा हॉलमधलेही ऐकायला लागले होते. शेवटी गुरुजी म्हणाले, "वासंतीकाकू, हे साहेब कुठल्या पाठशाळेचे?"

"वाईचे."

"वाटलंच. करा बिनघोर."

दर्भ मिळेना. फेलन म्हणाले, "नदीकाठी लव्हाळा मिळेल. माझी आई दर फेब्रुवारीत त्याचाच क्रूस विणून दाराला लावायची, पवित्रच आहे तो." सानिकानं तो कापून आणला. विधी अपराह्णीच व्हायला हवा, सकाळी उरकायचा नाही, यावर मात्र फेलनशास्त्री ठाम होते.

सत्तरीवरच्यांना आता फिरायची मुभा मिळाली होती, तेव्हा पंचमीला दुपारी सगळे गावातल्या नोर नदीकाठी गेले. किल्ल्याच्या खालच्या अंगाला पायवाट आहे, पुढे एके ठिकाणी काठ पाण्याला टेकतो. अभिजित रात्रपाळी करून आला होता. त्यानं बाबांचं उपरणं खांद्यावर घेतलं. फेलन टायबिय लावून, काठी टेकत, दोन मीटर अंतरावर उभे राहिले. ते एकेक शब्द सांगत होते, अभिजित मागून म्हणत होता. पिंड झाले. नाव आणि गोत्र घेऊन पहिली ओंजळ सोडताना अभिजितचा आवाज फुटला. फेलन थांबले. घाई केली नाही, सांत्वनही केलं नाही. पाण्याकडे तिरपं बघत उभे राहिले. अभिजित रडला, पुरेसं रडला. मग त्यांनी तोच शब्द पुन्हा, तेवढ्याच शांतपणे सांगितला.

आजोबा, पणजोबा, आजोळचे, सगळ्यांना पाणी झालं. शेवटची ओंजळ राहिली. फेलन म्हणायला लागले आणि त्यांनाच पुढचे शब्द येईनात.

"अभि, थांब," वासंतीबाई म्हणाल्या. "ही ओंजळ त्यांना सोडू दे."

"मला अधिकार नाही," फेलन म्हणाले.

"भाऊ आहात की. आणखी कसला अधिकार लागतो?"

उतार निसरडा होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला धरल्याशिवाय पाण्यापर्यंत नेता येणार नव्हतं. अभिजित क्षणभर घुटमळला. हॉस्पिटलातून तो काय घेऊन येत असेल, याची धास्ती त्याला झोपेतही असायची. मग त्यानं खिशातून मास्क आणि हातमोजे काढले, चढवले, आणि म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्याला एकेक पाऊल खाली नेलं. फेलन गुडघ्यावर बसले. वासंतीबाईंनी ओंजळीत तीळ घातले.

"नाव?" अभिजितनं हळूच विचारलं.

"ठेवलंच नव्हतं."

"मग तसंच सोडा," वासंतीबाई म्हणाल्या.

फेलननी पाणी सोडलं. नोर नदी तिथं संथ वाहते. तीळ काही अंतर दिसत राहिले. मग फेलन उठले, आणि कुणालाही न विचारता अभिजितच्या खांद्यावर डोकं टेकवून उभे राहिले.

जुलैत प्रवासाची बंधनं सैल झाली तेव्हा फेलन स्वतःहून म्हणाले, "मला एके ठिकाणी न्याल का?" अभिजितनं सुट्टी घेतली, वासंतीबाईही निघाल्या. फ्रेशफर्ड गावाच्या पुढे एका शेताशी गाडी थांबली. जमीन आता दुसऱ्यांची होती. मालकीणबाई फाटकाशी आली. फेलननी कशासाठी आलो ते सांगितलं, तशी ती म्हणाली, "तो कोपरा आम्ही कधी नांगरला नाही. माझ्या सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं." तिथं गवतात पांढरे गोटे होते. ओळीत नव्हते, कुणीतरी हातानं ठेवल्यासारखे. त्यांच्यातला आपला कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

फेलन तिथं टोपी काढून उभे राहिले आणि लॅटिनमध्ये म्हणू लागले. दफनाच्या वेळी पाद्री म्हणतो ती सबंध प्रार्थना. पन्नास वर्षांत त्यांनी ती तोंडातून काढली नव्हती. वासंतीबाईंना एक शब्द कळला नाही. पण कुंपणापलीकडून पहिल्या दिवशी ऐकलेला तोच सावकाश, स्वच्छ उच्चार त्यांनी ओळखला. मालकीणबाई फाटकाशी हात जोडून उभी होती. गाडीत बसताना फेलन एवढंच म्हणाले, "आईला आवडलं असतं. अर्थात, तसं तिनं बोलून दाखवलं नसतं."

तो उन्हाळा वासंतीबाईंना आयुष्यभर पुरेल असा गेला. कुंपणात आता येण्याजाण्यापुरती वाट झाली होती. फेलन सानिकाला सुभाषितं शिकवायचे, ती किलकेनीच्या हेलात म्हणायची आणि दोघं हसून लोटपोट व्हायची. रेवती म्हणायची, "आई, मी तिला चार वर्षं मराठी बोल म्हणतेय, ऐकत नाही. यांच्याशी कशी बोलते?" फेलनना वाईच्या गल्ल्या अजून क्रमानं पाठ होत्या. गणपती घाटापासून सुरुवात करायचे आणि वासंतीबाई म्हणायच्या, "ते दुकान आता नाही," "तिथं आता पूल झालाय." ते ऐकल्यासारखं करायचे आणि आपल्याच जुन्या वाटेनं पुढे जायचे. वासंतीबाईंनी मग दुरुस्त करणं सोडून दिलं.

ऑक्टोबरमध्ये विमान मिळालं. निघताना फेलन फाटकाशी आले. "आपण आलात आणि मला माझी मराठी परत मिळाली," ते म्हणाले. "साठ वर्षं ती नुसती डोक्यात होती. तोंडाला लागत नव्हती." वासंतीबाईंनी वाकून नमस्कार केला. त्यांनी तो नाकारला नाही.

जानेवारीत फेलनना हॉस्पिटलात हलवलं. हृदय थकलं होतं. दोन दिवसांनी नर्सनं अभिजितला बोलावलं. म्हणाली, पेशंट भ्रमात बडबडतोय. अभिजित गेला. फेलन शुद्धीवर होते, फक्त मराठीत बोलत होते. त्यांना वाईला प्यायचे तसलं हुलग्याचं माडगं हवं होतं.

अभिजितनं कराडला फोन केला. "आई, माडगं म्हणजे काय गं?" वासंतीबाईंनी रेवतीला सांगितलं, हुलगे कसे भाजायचे, पीठ किती, गूळ किती. हुलग्यांची पिशवी त्यांनीच येताना कराडहून आणली होती, ती वरच्या कपाटात मागे होती. अभिजित थर्मासमधून घेऊन गेला. फेलननी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "पातळ झालंय. पण आहे तेच." त्या आठवड्यातच ते गेले.

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. म्हणून बाकीचे रस्त्यावर उभे राहिले. शवगाडी शाळेवरून गेली तेव्हा दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांची माणसं मास्क लावून ओळीनं उभी होती. ते सगळे त्यांचे लॅटिनचे विद्यार्थी. सानिका बापाचा हात धरून त्यांच्यात होती. गाडी समोर आल्यावर तिनं हात जोडले, आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी तिचं बघून जोडले.

विधी चर्चच्या कॅमेऱ्यावरून सगळीकडे दिसत होता. कराडमध्ये वासंतीबाई अंघोळ करून, मोबाइल डब्याला टेकवून पाटावर बसल्या होत्या. प्रार्थना झाली, शवपेटी उचलली, माणसं तिच्यामागून निघून गेली. कॅमेरा बंद करायला कुणी विसरलं असावं. रिकामे बाक दिसत होते, आणि रंगीत काचेतून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं. शेजारच्या स्नेहलताबाई दारातून म्हणाल्या, "संपलं का ओ?"

"नाही अजून," वासंतीबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.